डावखुऱ्याची बंदूक

हवालदारांनी ताडपत्रीचं टोक उचललं, आत पाहिलं आणि आत कुणी झोपलं असावं तशी ती पुन्हा हळूच खाली सोडली. मग दोन पावलं मागे सरून त्यांनी चौकीच्या दिशेने हाक मारली, "साहेब! जरा बाहेर या. लवकर या."

सकाळचे साडेसात वाजले होते. टेम्पोत पुढे जोतिराम ड्रायव्हर, मधे मी आणि खिडकीशी दस्तगीरचाचा. मागे ताडपत्रीखाली बत्तीस बंदुका. जुन्या काळच्या, नळीच्या तोंडातून दारू ठासून उडवायच्या, तसल्या.

"नकली हाईत त्या," चाचा खिडकीतून म्हणाले. "गडावर जुन्या बंडाच्या मालिकेचं शूटिंग हाय, त्याच्या."

"खाली उतरा आधी," हवालदार म्हणाले. त्यांचा हात कमरेच्या पट्ट्यावर गेला होता, तिथे काही नव्हतं तरी.

निवडणुकीचे दिवस होते. प्रत्येक फाट्यावर नाकाबंदी होती आणि गावोगावचे लोक आपल्या परवान्याच्या बंदुका चौकीत जमा करत होते. अशा दिवसांत बत्तीस बंदुका घेऊन घाट चढायला आम्ही निघालो होतो. पोलिसांचं परवानगीचं पत्र काढलेलं होतं, पण ते व्यवस्थापक कानडेंनी आदल्या दिवशी आपल्याबरोबर गडावर नेलं होतं. मोबाईल तेव्हा कुणाकडे नव्हते.

चौकीतून फौजदार बाहेर आले. देवरे नाव होतं त्यांचं, नाशिककडचे, नोकरीला लागून वर्षही झालं नसावं. इस्त्री इतकी कडक की कपडे आधी आणि माणूस नंतर चालत येतोय असं वाटावं. त्यांनी एक बंदूक उचलली, नळीत डोकावलं, मागचा लाकडी दस्ता हातात तोलला.

"नकली?" ते म्हणाले.

"नकली," चाचा म्हणाले. "नळी म्हणजे साधा पाइप. चार बोटं आत लाकडी बूच मारलंय."

"गावठी कट्टेही पाइपाचेच असतात. बूच काढलं की झालं."

"साहेब, ठिणगी जायला भोकच न्हाई तिला."

"भोक पाडायला किती वेळ लागतो?"

हवालदार चौगुले आणि एका शिपायाने मिळून बत्तीस बंदुका चौकीच्या व्हरांड्यात नेऊन भिंतीला ओळीने उभ्या केल्या. जोतिरामला रिकामा टेम्पो घेऊन पत्र आणायला गडावर पिटाळलं आणि आम्हाला बाकावर बसवलं.

त्या बाकावर बसून चाचांनी मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं : "तुझ्यामुळं आठ दिस उशीर झाला नसता, तर आपण आचारसंहितेच्या आधीच वर पोचलो असतो."

ते खरं होतं. मी, वासंती कुंभार, तेव्हा तेवीस वर्षांची. चित्रकलेची पदविका घेऊन वर्षभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि मग रविवार पेठेतल्या दस्तगीर शिकलगारांच्या शेडमध्ये कामाला लागले. ते सिनेमा-नाटकांना तलवारी, ढाली, भाले पुरवायचे. त्यांच्या घराण्यात पूर्वापार हत्यारांचा गंज काढायचं काम चालायचं. चाचांनी उलटा धंदा काढला होता. नवीन लोखंडावर ते गंज चढवायचे.

त्यांची पद्धत पक्की होती. नळीवर मिठाचं पाणी मारायचं, दोन दिवस उघड्यावर ठेवायचं, आलेला गंज काथ्याने घासून अर्धा उतरवायचा, वर जवसाचं तेल. दस्त्याला हिरड्याचं पाणी, आणि त्यावर गंजके खिळे घालून आंबवलेलं गूळपाणी. दोन्ही भेटली की लाकूड आतून काळं पडतं, ते रंगाने कधी पडत नाही. मग साखळीने चार फटके, काजळीचा हात, झालं. सरासरी दिवसाला एक बंदूक.

बत्तीसपैकी वीस त्यांनी केल्या, बारा माझ्याकडे दिल्या. मला एकेका बंदुकीला चार-चार दिवस लागले. ते रोज येऊन डोकं धरायचे.

"अगं, कॅमेरा वीस हातांवरनं बघतो! कशाला एवढं कोरत बसतीस?"

काय करत होते ते सांगायची मला लाज वाटायची.

नऊच्या सुमाराला जोतिराम पत्र घेऊन परतला. देवरेंनी ते उभ्याने वाचलं, बसून वाचलं, शिक्का उजेडात धरून पाहिला.

"पत्र बरोबर आहे," ते म्हणाले.

चाचा उठले. "मग भरू का बंदुका?"

"पत्रात 'बत्तीस नकली बंदुका' असं लिहिलंय."

"व्हय की."

"ह्या नकली असतील तर पत्र लागू. ह्या नकली आहेत हे मला कुठे दिसतंय? ह्या गावागावांतून गोळा केलेल्या जुन्या बंदुका असतील तर? उद्या जिल्ह्याहून शस्त्रागाराचा माणूस बोलावतो. त्याने सांगितलं की सोडतो."

"उद्या!" चाचांचा आवाज चिरकला. "साहेब, आज दुपारी लढाई हाय. दोनशे माणूस वर बसलंय. गडाची परवानगी उद्या सकाळीच संपती. बंदुकाच न्हाईत तर लढायचं कशानं?"

"माझा नाइलाज आहे," देवरे म्हणाले, आणि खरंच त्यांना वाईट वाटत असावं, कारण त्यांनी आमच्यासाठी चहा सांगितला.

चहा येईपर्यंत व्हरांड्याच्या पायरीशी एक म्हातारा येऊन उभा राहिला होता. अंगात बंडी, डोक्याला लाल फेटा, खांद्यावर घोंगडी आणि घोंगडीत गुंडाळलेली बंदूक. धाकलू झोरे, वरच्या धनगरवाड्यावरचा. नाचणीच्या शेतातली डुकरं हाकायला त्याच्याकडे आज्यापासून चालत आलेला परवाना होता आणि दर निवडणुकीला तो सात मैल चालत येऊन बंदूक जमा करायचा.

पण तो आत येईना. भिंतीशी उभ्या केलेल्या बंदुकांकडे बघत तिथेच थबकला होता.

"आरं तिच्या," तो म्हणाला. "एवढ्या कुणी आणल्या? समदा मुलूख जमा केलासा काय?"

देवरेंचे डोळे चमकले. शस्त्रागाराचा माणूस उद्या येणार होता, पण साठ वर्षं ठासणीची बंदूक वापरलेला माणूस आज, आत्ता समोर होता.

"बाबा, जरा बघता का?" ते म्हणाले. "ह्यातल्या खऱ्या किती, खोट्या किती?"

धाकलूने आपली बंदूक चौगुल्यांच्या हातात दिली, घोंगडी पायरीवर ठेवली आणि ओळीच्या एका टोकाशी जाऊन उकिडवा बसला. पहिली बंदूक त्याने उचलली, फिरवली, ठेवली. दुसरी. तिसरी. चौथी नुसती बघितली. मग विसाव्या बंदुकीपर्यंत नुसता हात फिरवत तो सरकला.

"ह्या खोट्या," तो म्हणाला.

चाचा बाकावरून अर्धे उठले. आनंद व्हावा की राग यावा हे त्यांना कळत नव्हतं. "कशावरनं?"

"ह्या समद्या एकाच पावसात भिजल्यात, पावणं," धाकलू सहज म्हणाला. "बंदुकी घरोघरी ऱ्हात्यात. एक चुलीम्होरं, एक गोठ्यात, एक माळ्यावर. समद्यांस्नी सारखाच गंज कसा लागंल?"

चाचा खाली बसले. त्या वीस बंदुका त्यांच्या होत्या.

मी जमिनीकडे बघत राहिले. धाकलू पुढे सरकला होता. माझ्या बारा बंदुकांपैकी पहिली त्याने उचलली आणि या वेळी मात्र ती लगेच खाली ठेवली नाही. दस्त्याचा वास घेतला. बोट फिरवलं. मग पुढची घेतली. तिसऱ्या बंदुकीला तर तो मांडी घालून बसला.

"ही डावखुऱ्याची," तो म्हणाला.

मी मान वर केली.

"हिकडं बघा, साहेब. आपुन गाल टेकतो तो डाव्या अंगाला. हिचं लाकूड उजव्या अंगाला गुळगुळीत झालंय. त्यो डाव्या खांद्याला लावून बार काढायचा. आन् हितं," त्याने दस्त्याची टोकाची कड देवरेंच्या नाकासमोर धरली, "बारक्या दातांच्या खुणा. खालीच हाईत, वर न्हाईत. बंदूक कुडाला टेकून ठेवल्याली आसंल, आन् रांगत आल्यालं पोर तितंच बसून चावत आसंल. दात येत आसत्यात तवा पोरांच्या हिरड्या शिवशिवत्यात. त्याच्या घरात रांगतं पोर हुतं, साहेब."

धाकलूने बंदूक अलगद भिंतीला टेकवली.

"ह्या बारा खऱ्या," तो म्हणाला. "भोक कुणीतरी बुजवल्यालं दिसतंय, पर माणसांच्या हाईत ह्या."

आयुष्यात माझं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं आणि त्याच कौतुकाने मला कोठडीत घालायची वेळ आणली होती.

"वीस घेऊन जा," देवरे गंभीरपणे म्हणाले. "बारांचा पंचनामा होईल. ह्या कुणाकडून घेतल्या त्याची नावं द्या."

मी चाचांकडे पाहिलं. ते आता ओरडतील, असं मला वाटलं. धाकलूवर, फौजदारांवर नाहीतर माझ्यावर. पण ते त्या डावखुऱ्याच्या बंदुकीकडे बघत होते. उठून ते तिच्यापाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि दस्त्याची कड डोळ्याजवळ नेली. दात त्यांनीही पहिल्यांदाच पाहिले. दोन महिने ती बंदूक त्यांच्या शेडमध्ये होती.

मग ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलत होते. मग आवाज फुटला, मग डोळ्यांत पाणी आलं आणि भिंतीला धरून ते हसत राहिले.

"चाळीस वरसं!" ते म्हणाले. "चाळीस वरसं काम करतोय मी. नापास झालो ते पोलीस चौकीत!" मग चष्मा पुसून त्यांनी फौजदारांसमोर हात जोडले. "साहेब, नावं कुणाची देऊ? ह्या बारा ह्या पोरीनं केल्यात. माझ्याच शेडमधी, माझ्या डोळ्यांदेखत. म्या बघितलं न्हाई, ही माझी चूक."

"हिने?" देवरे माझ्याकडे वळले. मी तिथे आहे हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असावं.

"वासंती," चाचा म्हणाले. एरवी ते मला नुसतं 'पोरी' म्हणायचे. "तुझी पेटी काढ गाडीतनं. साहेबांस्नी करून दाखव."

"मी?"

"मग काय मी? मी तर नापास!"

कशावर करून दाखवायचं हा प्रश्न आला. चौगुल्यांनी आतून एक लाठी आणली. त्याच आठवड्यात नव्या लाठ्या आल्या होत्या. पिवळीधमक, गुळगुळीत, अजून कागद गुंडाळलेली.

व्हरांड्याच्या पायरीवर मी पेटी उघडली. हिरड्याच्या पाण्याची बाटली, गूळपाण्याची बाटली, काथ्या, काचकागद, कानस, तेल, काजळीची डबी. लाठी मांडीवर आडवी घेतली, आणि हात थांबला.

"काय झालं?" देवरे म्हणाले.

आता लाजून चालणार नव्हतं. "कुणाची करू?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे, आधी माणूस ठरवावा लागतो. तो ठरला की कुठे घासायचं, कुठे ठेवायचं ते कळतं. नाहीतर नुसती घाण लागते." मी चौगुल्यांकडे वळले. "हवालदारसाहेब, तुमच्या आठवणीतलं कुणी सांगा ना. जुनं."

चौगुले ओशाळून हसले. निवृत्तीला आलेले होते ते. "आमचं जमादार हुतं. मी भरती झालो तवा. लई करडं."

"लाठी कशी धरायचे?"

"धरायचं कुठं? दोन्ही हात लाठीच्या डोक्यावर ठेवायचं, हातावर हनुवटी. बाजारच्या दिवशी चार-चार तास तसंच उभं."

"खाली काय असायचं? माती का फरशी?"

"माती. नुसती तांबडी माती."

"तंबाखू?"

"ते काय विचारता! डाव्या हातावर चुना-तंबाखू मळायची आन् तोच हात लाठीला."

"कुणाला मारायचे?"

चौगुल्यांनी जरा विचार केला. "कवाच न्हाई. टेबलावर आपटायचं. आवाजानंच माणसं खरं बोलायची."

मी कामाला लागले. डोक्याकडची चार बोटं काचकागदाने घासून गोल केली. टोक दगडावर झिजवून फुलवलं आणि तांबड्या मातीत रगडलं. हिरड्याचं पाणी फडक्याने सगळीकडे, आणि त्यावर गूळपाणी. पिवळं लाकूड डोळ्यांसमोर करडं होत गेलं, मग काळपट. शिपाई जवळ सरकला. देवरेही सरकले. उन्हात दहा मिनिटं वाळवली, डोक्याशी तळव्याच्या आकाराएवढा काळा रंग पुन्हा उतरवला, चौगुल्यांच्याच चंचीतली तंबाखू आणि चुना तेलात घोटून डाव्या अंगाला चोळला. मध्यावर टेबलाच्या काठाच्या खुणा पाडल्या, एकाखाली एक. एक तास लागला असेल.

लाठी पुसून मी चौगुल्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, टोक जमिनीवर टेकवलं आणि नकळत दोन्ही हात डोक्यावर ठेवले. क्षणभर तसेच राहिले. मग एकदम ताठ उभे राहिले, जणू कुणीतरी मागून आलं होतं.

"साहेब," ते फौजदारांना म्हणाले, "ही मी आता माझ्याजवळच ठेवतो. दुसऱ्या कुणी मागितली तर देऊ नका."

देवरेंनी त्यांच्याकडे पाहिलं, लाठीकडे पाहिलं, व्हरांड्यात पडलेल्या कागदाच्या गुंडाळीकडे पाहिलं. पंचनाम्याचा कोरा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

"भरा बंदुका," ते म्हणाले. "बत्तीसही."

जोतिराम आणि शिपाई बंदुका टेम्पोत ठेवू लागले. मी पेटी आवरत होते. धाकलू झोरे इतका वेळ खांबाला टेकून बसला होता. तो माझ्याजवळ आला.

"म्हंजी ती डावखुऱ्याचीबी तूच केलीस?"

"हो, आजोबा."

"दात?"

"बहिणीच्या मुलाचं लाकडी खेळणं आहे, चावून चावून खराब केलेलं. ते समोर ठेवून खिळ्याने पाडले."

त्याला फसवल्यासारखं वाटेल अशी मला भीती होती. पण तो पुढे वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "मग त्यो कोन हुता?"

मी इकडेतिकडे पाहिलं. चाचा थांबले होते. देवरेही दारात थांबले होते. आतापर्यंत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"भैरू," मी म्हणाले. "मेंढरं राखायचा. डावखुरा म्हणून लहानपणी मार खायचा, पण बंदूक हातात आली आणि त्याचा नेम कधी चुकला नाही. ठिणगी उजवीकडे उडते, त्याच्या तोंडाजवळ. म्हणून त्याची एक भुवई कायम जळलेली. बायकोला बंदूक घरात आवडायची नाही. तो ती कुडाला टेकून ठेवायचा आणि पोरगं रांगत जाऊन तिलाच धरून उभं राहायचं. पहिल्यांदा उभं राहिलं ते बंदुकीला धरून. मग बंडाची हाक आली. निघताना त्याने पोराच्या हातातून बंदूक सोडवून घेतली, तेव्हा ते रडलं."

"रडनारच," धाकलू म्हणाला. "मग?"

"मग तो गडावर गेला."

"आन् फुडं? काय झालं त्येचं?"

"माहीत नाही, आजोबा. लढाई आज दुपारी आहे."

धाकलूने एकदा फौजदारांकडे पाहिलं, एकदा टेम्पोकडे. आपल्या बंदुकीची पावती त्याने बंडीच्या खिशात कोंबली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि आम्हा कुणाला काही न विचारता टेम्पोत मागे चढून बसला.

"चला की मग," तो म्हणाला.

आम्ही निघालो तेव्हा देवरे रस्त्यापर्यंत आले. टेम्पो सुरू झाल्यावर त्यांनी पत्र्यावर थाप मारून तो थांबवला. आता आणखी काय, असं वाटून चाचांनी कपाळाला हात लावला.

"परतताना ह्याच रस्त्याने याल ना?" देवरेंनी मला विचारलं. "थांबा मग. मला सांगून जा."

गडावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. कानडे आमच्या नावाने शंख करत होते. आसपासच्या गावांतली बत्तीस पोरं बंडखोरांच्या वेशात सावलीत बसली होती. त्यातल्या सत्तावीस जणांच्या सदऱ्याआत लाल रंगाच्या पिशव्या बांधल्या होत्या. ते मरणार होते. पाच जण शेवटी पकडले जाणार होते. वाचणारा कुणी नव्हता.

मी बंदुका वाटायला लागले. "डावखुरं कोण आहे?" असं विचारलं, तर मागून एक हात वर आला. युवराज नावाचा पोरगा, वीस-एकवीसचा. डावा हात वर करून उभा होता आणि सदऱ्याआत त्याची लाल पिशवी स्पष्ट दिसत होती.

धाकलूलाही ती दिसली. "ह्यो मरनार?"

"हो," मी म्हणाले. त्याच्याकडे बघवेना.

"साहेबाला सांग."

"आजोबा, तसं सांगता येत नाही."

दिग्दर्शक गुप्ते वर बुरुजाजवळ कॅमेऱ्यामागे होते. त्यांना मी सांगणार काय? चाचा मात्र म्हणाले, "मी बघतो," आणि चढ चढून गेले. दोन मिनिटांत तसेच परत आले. "येडं म्हनाले मला," त्यांनी सांगितलं. "बरोबरच हाय."

लढाई तीन वाजता सुरू झाली. फटाक्यांचे बार, धूर, आरोळ्या. पोरं खडकांमागून पळत येत होती आणि ठरल्या जागी कोसळत होती. युवराजची जागा तटाच्या पडक्या भिंतीच्या अलीकडे होती. तो धुरातून आला, डाव्या खांद्याला बंदूक लावून एक बार काढल्यासारखं केलं, वळला आणि पडायच्या जागी पोचला.

"पळ रं!" माझ्या शेजारून आरोळी उठली. "भैरू, पळ! भितीवरनं टाक उडी!"

धाकलू झोरे बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या पुढे जाऊन उभा होता आणि घोंगडी फिरवत होता. युवराज पडता पडता थबकला. त्याला वाटलं सूचना बदलली. त्याने आमच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, बंदूक छातीशी धरली आणि उडी मारून पलीकडे दिसेनासा झाला.

सगळं थांबलं. धूर हळूहळू विरत गेला. मेलेल्या पोरांपैकी दोघांनी माना वर करून पाहिलं. गुप्ते कॅमेऱ्यामागून बाहेर आले आणि थेट आमच्याकडे चालत यायला लागले. चाचा माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"कोण ओरडलं?"

"म्या," धाकलू म्हणाला. "त्येच्या घरी रांगतं पोर हाय."

गुप्त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. चाचांकडे पाहिलं. दुपारी चाचांनी काय सांगितलं होतं ते त्यांना आठवत असावं. मग ते भिंतीकडे वळले. पलीकडून युवराजचं डोकं वर आलं होतं आणि तो विचारत होता, "आता काय करू, साहेब?"

"काही नको करू," गुप्ते म्हणाले. थोडा वेळ ते कानाची पाळी ओढत उभे राहिले. "सगळेच मेले आणि पकडले गेले, तर झालेलं गावाला सांगणार कोण? हं? एक जायलाच पाहिजे." आणि वळून त्यांनी कॅमेऱ्याकडे हाक मारली, "हा शॉट घेतलाय ना? ठेवा!"

धाकलूने घोंगडी आकाशात उडवली. चाचांनी मला खांद्याला धरून गदागदा हलवलं. मी रडत होते की हसत होते ते मला आज सत्तावीस वर्षांनीही सांगता येणार नाही. तेव्हापासून हेच काम करतेय. चाचांच्या शेडवर नंतर माझ्या नावाची पाटी लागली, ती त्यांनीच लावली. पण त्या दुपारी मिळालं तेवढं पुन्हा कुठे मिळालं नाही.

परतताना सहा वाजले होते. उन्हं तिरपी झाली होती. फाट्यावर देवरे रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि टेम्पो दिसताच त्यांनी हात वर केला. शेजारी चौगुले, दोन्ही हात लाठीवर ठेवून.

जोतिरामने ब्रेक मारायच्या आतच मागून धाकलू ओरडला, "वाचला, साहेब! भितीवरनं उडी टाकून गेला!"

देवरेंनी टोपी काढली, कपाळावरचा घाम पुसला आणि गडाकडून खाली उतरणाऱ्या वाटेकडे मान वळवून पाहिलं.

"मग एव्हाना घरी पोचला असेल," ते म्हणाले.